टोकियोत हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये पहिल्यांदाच राहणार आहे, वय ५७ – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टोकियोला जाते आहे, एकटीच. आसाकुसा भागातल्या एका हॉस्टेलमध्ये सहा रात्रींसाठी फक्त बायकांच्या डॉर्ममधला बेड घेतला आहे. आठ जणींची खोली, बंक बेड, प्रत्येकीला पडदा आणि एक लॉकर.

याआधी दोनदा परदेशी गेले, दोन्ही वेळा टूरबरोबर. हॉटेलं चांगली होती, पण संध्याकाळी सात वाजता सगळ्यांची दारं बंद व्हायची आणि दिवसभर जे पाहिलं ते कुणाला सांगायचं हा प्रश्न पडायचा. या हॉस्टेलच्या फोटोत खालच्या मजल्यावर एक लांबलचक लाकडी टेबल आहे, त्यावर नकाशा पसरून तीन-चार जण वाकून बघताहेत. खरं सांगते, त्या टेबलासाठीच बुकिंग केलं. मुलगा म्हणतो, "आई, या वयात डॉर्म?" त्याची काळजी मला कळते, पण जायचं पक्कं आहे.

अडचणी अशा. मला रोज पहाटे साडेचारला जाग येते आणि मग झोप नाही. बाकीच्या मुली झोपलेल्या असताना मी काय करू? दुसरं, मी घोरते. रोज नाही, पण दमले की नक्की. तिसरं, उजवा गुडघा दुखतो, शिडी चढून वरच्या बेडवर जाणं जमणार नाही. विमान नारिताला सकाळी आठला उतरतं आणि चेक-इन दुपारी तीनला आहे, तेवढा वेळ सामान घेऊन कुठे बसायचं? पासपोर्ट लॉकरमध्ये ठेवला तर चालेल ना?

ज्यांनी असं राहून पाहिलं आहे त्यांनी कृपया सांगा. लहानसहान गोष्टही चालेल.

प्रतिसाद १

ताई, बिनधास्त जा. मी चार वेळा टोकियोत हॉस्टेलमध्येच राहिले आहे आणि साठीच्या पुढच्या बायकाही तिथे भेटल्या आहेत.

पहाटेच्या जागेची काळजी पहिले दोन-तीन दिवस तरी करू नका. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे तुमचे साडेचार हे तिथले सकाळचे आठ. तोवर निम्मी खोली उठून गेलेली असेल. अडचण उलट बाजूने येईल. तुम्ही रोज दहाला झोपत असाल, तर तिथे दीड वाजेपर्यंत डोळा लागणार नाही. तेव्हा बेडवर कूस बदलत पडू नका, बंक बेड एकमेकांना जोडलेले असतात आणि तुमची हालचाल वरच्या मुलीला जाणवते. खाली त्या टेबलाशी जाऊन बसा. माझ्या बहुतेक ओळखी रात्री अकरानंतर, झोप न येणाऱ्या माणसांशीच झाल्या आहेत.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. डॉर्ममध्ये घोरण्यापेक्षा जास्त त्रास प्लास्टिकच्या पिशव्यांचा होतो. अंधारात कुणीतरी बॅग उघडतं आणि पिशवीतली पिशवी, तिच्यातली पिशवी अशी चुरचुर दहा मिनिटं चालते. कपडे, औषधं, साबण सगळं कापडी पिशव्यांत भरा. उद्याचे कपडे आणि टूथब्रश रात्रीच काढून उशाशी ठेवा. फोन व्हायब्रेटवर टाकून उशीखाली, आणि बोलायचं झालं तर खोलीबाहेर.

प्रतिसाद २

पासपोर्टबद्दल: लॉकरमध्ये ठेवू नका. जपानमध्ये परदेशी पर्यटकाने पासपोर्ट सतत जवळ बाळगायचा असतो, तसा कायदाच आहे. पोलिसांनी विचारला तर दाखवावा लागतो. कपड्यांच्या आत गळ्यात किंवा कमरेला बांधायची पातळ पिशवी घ्या. चेक-इन करताना काउंटरवर त्याची झेरॉक्स काढून घेतील, तेव्हा बिचकू नका, परदेशी पाहुण्यांच्या बाबतीत तो तिथला नियम आहे.

नारिताहून स्कायलायनर नावाची गाडी सगळे सुचवतील. जलद आहे, पण ती उएनोला सोडते, आणि तिथून सामान ओढत आसाकुसाला जाणाऱ्या गिंझा लाइन या मेट्रोच्या स्टेशनपर्यंत जावं लागतं. तुमचा गुडघा बघता केइसे रेल्वे कंपनीची ॲक्सेस एक्स्प्रेस घ्या. आसाकुसाला थेट जाणारी निवडलीत तर कुठे बदलायला नको, तासाभरात पोचता. एकच घोटाळा टाळा: आसाकुसा नावाची स्टेशनं एकापेक्षा जास्त आहेत. त्सुकुबा एक्स्प्रेसचं आसाकुसा बाकीच्यांपासून बरंच लांब, सेन्सोजी या तिथल्या मोठ्या बौद्ध मंदिराच्या पलीकडे आहे. हॉस्टेलला मेल करून विचारा की कुठल्या लाइनचं स्टेशन, कितव्या नंबरची एक्झिट, आणि लिफ्ट कुठल्या एक्झिटला आहे. हा तिसरा प्रश्न विसरू नका, प्रत्येक एक्झिटला लिफ्ट नसते आणि भुयारी स्टेशनचे जिने संपता संपत नाहीत.

सामानाचं टेन्शन नको. बहुतेक हॉस्टेलं चेक-इनच्या आधी बॅग ठेवून घेतात. बॅग टेकवा आणि सेन्सोजीला चालत जा.

प्रतिसाद ३

घोरण्याबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. रोज घोरत असाल तर डॉर्म घेऊच नये असं मी म्हटलं असतं, कारण दुसऱ्याच्या झोपेचा प्रश्न आहे. पण तुम्ही दमल्यावरच घोरता, तर प्रवासानंतरची पहिली रात्र त्याच हॉस्टेलमध्ये एकटीची खोली मिळते का पाहा. थोडे पैसे जास्त जातील, पण तुम्हीही निर्धास्त झोपाल. पुढच्या रात्री कुशीवर झोपा. खोलीत गेल्यावर आधीच सांगून टाका, "मी कधीकधी घोरते, त्रास झाला तर उठवा." इअरप्लगची चार-पाच पाकिटं जवळ ठेवा आणि शेजारणीला एक द्या. मी असं केलं तेव्हा समोरच्याने हसून स्वतःच्या कानातला प्लग काढून दाखवला होता.

खालच्या बेडसाठी आत्ताच लिहा. तिथे पोचल्यावर मागितला तर मिळेलच असं नाही.

प्रतिसाद ४

तिकडच्या माणसांबद्दल सांगावंसं वाटतं. टोकियोत गाड्या रात्रभर चालत नाहीत. मध्यरात्रीच्या सुमारास शेवटच्या सुटतात आणि पुन्हा पहाटे पाचच्या आसपास सुरू होतात. मला हे माहीत होतं, तरी शिंजुकूच्या स्टेशनात एक्झिट शोधताना माझी शेवटची गाडी गेली. हॉस्टेलला फोन केला. रात्रपाळीच्या मुलीला इंग्रजी जेमतेम येत होतं. तिने पत्ता जपानीत लिहून फोनवर पाठवला, तो टॅक्सीवाल्याला दाखवला. पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता आणि ती दाराबाहेर स्वेटर गुंडाळून उभी होती. तिने माझ्या हातात गरम चहाचा कप दिला, तो अजून आठवतो.

म्हणून पहिल्याच दिवशी हॉस्टेलचा पत्ता जपानी लिपीत कागदावर घ्या. पोलिसांसाठी ११०, ॲम्ब्युलन्ससाठी ११९, हे त्याच कागदावर. शंभर येनची नाणी साठवत चला, वॉशिंग मशीनला आणि स्टेशनवरच्या लॉकरला लागतात. तिथली वीज १०० व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पिनांचा, त्यामुळे ॲडॅप्टर हवाच. इकडची पाण्याची किटली नेऊ नका, तिथे नीट तापणार नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वेळेच्या फरकाचा असा विचार मी केलाच नव्हता!

काल हॉस्टेलला मेल केला, आज उत्तर आलं. खालचा बेड माझ्या नावावर लिहून ठेवला आहे. पहिल्या रात्रीसाठी छोटी खोली शिल्लक होती, ती घेतली. लिफ्टची एक्झिट त्यांनी हाताने नकाशा काढून, बाण दाखवून पाठवली. मुलाला तो नकाशा दाखवला, तर त्याने तो प्रिंट करून माझ्या फाइलमध्ये लावला.

चौथ्या-पाचव्या दिवशी शरीर तिथल्या वेळेला सरावलं आणि पहाटे जाग यायला लागली, तर एवढ्या लवकर एकटीने बाहेर पडणं ठीक आहे का?

प्रतिसाद १

अगदी ठीक. नोव्हेंबरात तिथे सव्वासहाच्या आसपास उजाडतं आणि सेन्सोजीचा मुख्य गाभारा साडेसहाला उघडतो. आवार त्याआधीही खुलंच असतं. मंदिराकडे जाणाऱ्या नाकामिसे या रस्त्यावरची दुकानं तेव्हा बंद असतात आणि खाली ओढलेल्या शटरांवर चित्रं रंगवलेली आहेत, ती फक्त त्याच वेळी दिसतात. दहानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. बूट मात्र हॉस्टेलच्या दाराशी जाऊन घाला, जिन्यात नको.

धागाकर्ती

बूट दाराशी. लिहून घेतलं.