ग्लोरीहॅमरचा ‘स्पेस १९९२’: कथा आधी समजून घ्यावी की थेट ऐकावा?

खानापूरकर:
नमस्कार. बेळगावात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने ग्लोरीहॅमर या हेवी मेटल बँडचा २०१५ चा ‘स्पेस १९९२: राइज ऑफ द केऑस विझर्ड्स’ हा अल्बम मला ऐकवला. सामूहिक स्वरातली पालुपदे मनापासून आवडली. परंतु अंतराळयाने, जादूगार, गॉब्लिन आणि हातोडा घेऊन लढणारा राजपुत्र हे सारे एकाच कथेत पाहून, ही थट्टा आहे की गंभीर निर्मिती, हे मला ठरवता आले नाही. आधीचा अल्बम ऐकल्याशिवाय याची संगती लागेल काय?

टिळकवाडी:
लागेल. २०१३ च्या पहिल्या अल्बमची कथा सन ९९२ मधली असून, झारगोथ्रॅक्स हा दुष्ट जादूगार डंडी नगरीवर चाल करून येतो आणि फाइफचा राजपुत्र अँगस मॅकफाइफ त्याचा पराभव करतो, एवढे माहीत असले की पुरे. पुढे हजार वर्षे लोटली आहेत. झारगोथ्रॅक्स नेपच्यूनच्या ट्रायटन या उपग्रहाभोवती फिरणाऱ्या बर्फाच्या तुरुंगात कैद आहे, क्रेलचे अंतराळ-सरदार पहाऱ्यावर आहेत, आणि केऑस विझर्ड्स हा जादूगारांचा पंथ त्याला सोडवू पाहतो. त्यांच्याशी झुंजतो तो तेरावा अँगस मॅकफाइफ.

आता थट्टेविषयी. फाइफ, डंडी, क्रेल ही स्कॉटलंडमधली खरीखुरी ठिकाणे आहेत, आणि क्रेल तर किनाऱ्यावरचे लहानसे मासेमारीचे गाव आहे. संकेश्वरच्या राजपुत्राने निपाणी सोडवण्यासाठी शनीपर्यंत सैन्य न्यावे आणि तुरुंगाच्या पहाऱ्यावर हुक्केरीचे सरदार नेमावेत, तर आपल्या सीमाभागातल्या माणसाला जे वाटेल, तेच स्कॉटिश श्रोत्याला वाटत असणार. २०१५ मध्ये निघालेल्या अल्बमने १९९२ साल दूरचे भविष्य म्हणून रंगवावे, हाही त्याच खोडीचा भाग आहे. मात्र गायक स्वतः कुठेही हसत नाही; उंच पट्टीतला आवाज, दोन्ही पायांनी वाजवलेला वेगवान बास ड्रम आणि वाद्यवृंदाचा थाट हे सारे पूर्ण निष्ठेने सादर होते, आणि माझ्या मते म्हणूनच ही कल्पना तग धरते.

निपाणीकर:
वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी एक आक्षेप नोंदवतो. हेलोवीन या जर्मन मेटल बँडने १९८७ आणि १९८८ मध्ये दोन भागांत काढलेल्या ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’मध्ये दीर्घ गाण्यांना जो विस्तार मिळाला, तो येथे फक्त शेवटच्या ‘अपोकॅलिप्स १९९२’मध्ये आढळतो, मधली काही गाणी एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटतात. की-बोर्डचा वरचष्मा मात्र समजण्यासारखा आहे, कारण ग्लोरीहॅमरचा संस्थापक क्रिस्टोफर बोव्स हाच की-बोर्ड वाजवतो आणि रंगमंचावर झारगोथ्रॅक्सची भूमिकाही तोच करतो. कथेतल्या खलनायकानेच नायकाच्या पराक्रमाची गाणी रचावीत, ही गंमत मला अल्बमातल्या कोणत्याही विनोदापेक्षा अधिक भावली.

खानापूरकर:
दोघांचेही आभार. मग सुरुवात कोणत्या गाण्याने करावी?

टिळकवाडी:
‘युनिव्हर्स ऑन फायर’ ऐकावे. त्यासाठी कथेची काहीच गरज नाही. त्यानंतर मात्र पहिल्या निवेदनापासून क्रमानेच जावे, आणि शेवटच्या गाण्याचे शब्द समोर ठेवावेत, कारण २०१९ च्या तिसऱ्या अल्बमची कथा तिथूनच पुढे सुरू होते. हूट्समन या पात्राचे काय होते, ते येथे मुद्दाम लिहीत नाही.