मेल आला होता, फोन वाजला नाही

बी-१०२ (काका): नमस्कार. आपल्या सोसायटीची वार्षिक सभा झाल्याचं मला आज लिफ्टमध्ये कळलं. रंगकामाचा खर्चही मंजूर झाला म्हणे. नोटीस आली नाही, वाईट वाटलं.

सचिव: काका, नोटीस पूर्ण १४ दिवस आधी सगळ्यांच्या मेलवर गेली आहे. तुमचा पत्ता यादीत आहे, मेल परतही आलेला नाही.

बी-१०२: आत्ता उघडून पाहिलं. आहे खरी. पण फोन वाजलाच नाही!

सी-५०१ (ताई): काका, मेल कुठून उघडता? जीमेल ॲपच्या रंगीत एमच्या चिन्हावरून की क्रोममधून?

बी-१०२: क्रोम. फोनमधली जागा संपली म्हणून मुलाने ॲप बंद करून दिलं होतं.

सी-५०१: तिथेच घोळ झाला. क्रोममधलं जीमेल म्हणजे वेबसाइट. तुम्ही उघडाल तेव्हाच ती मेल दाखवणार. ॲप मागे जागं असतं, मेल आला की वाजतं. शिवाय गेल्या साधारण ३० दिवसांचे मेल ते फोनमध्ये आणून ठेवतं, त्यामुळे बेसमेंटमध्ये रेंज नसली तरी वाचता येतात. आणि मेल वगैरे ठेवायला गूगल फुकट देतं ते १५ जीबी फोनच्या जागेत धरायचे नाहीत, ते गूगलकडे असतात. फोन भरतो तो व्हॉट्सॲपच्या व्हिडिओंनी. आधी ते काढा.

ए-३०४: माझ्याकडे आयफोन आहे, ॲपही आहे. तरी मेल तासातासाने येतात.

सी-५०१: ॲपलचं स्वतःचं 'मेल' ना? त्यात जीमेल जोडलं तर मेल आल्या आल्या कळत नाही, फोन मधूनमधून जाऊन घेऊन येतो. सेटिंगमधलं 'फेच', म्हणजे मेल कधी आणायचे ते, 'ऑटोमॅटिकली'वर असेल तर तेही फक्त चार्जिंग आणि वायफाय चालू असताना. १५ मिनिटांवर ठेवा, नाहीतर सरळ जीमेलचं ॲप घ्या.

ए-२०३ (काकू): मग क्रोममध्ये उघडूच नये का गं?

सी-५०१: उघडा ना काकू, दुसऱ्याच्या फोनवर तेच बरं. फक्त इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे क्रोमच्या खासगी खिडकीत उघडायचं आणि काम झालं की तिथले सगळे टॅब बंद. गेल्या महिन्यात एका झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेले, तर संगणकावर कुणाचा तरी मेल उघडाच, समोर बँकेचं स्टेटमेंट! मी लॉगआउट केलं, पण दिवसभर तेच डोक्यात होतं. आणि मेल आपोआप वेगळे करणारे फिल्टर लावायचे असले तरी संगणकावरच बसावं लागतं, ॲपमध्ये ती सोय नाही.

बी-१०२: समजलं. पण सचिवसाहेब, कागदही लावत जा बोर्डावर. सगळ्यांनाच हे जमत नाही.

सचिव: बरोबर आहे काका. पुढच्या वेळी बोर्डावर लावतो, ग्रुपवरही टाकतो.

सी-५०१: रविवारी ११ वाजता मी सोसायटीच्या ऑफिसात आहे. ज्यांना ॲप घालून हवं त्यांनी फोन चार्ज करून आणा. पासवर्डची वही आणलीत तरी ती मला दाखवू नका, पासवर्ड तुमचा तुम्हीच टाका.