मदत हवी आहे : हंटिंग्टनच्या एमआरआय संशोधनात भाग घ्यावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे. मामांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं, आता हंटिंग्टनमुळे (मेंदूचा आनुवंशिक आजार) हातपाय आपोआप हलत राहतात. आजोबांचंही असंच होतं, पण तेव्हा सगळ्यांनी 'बाहेरचं' म्हणून सोडून दिलं. मामांच्या जनुक तपासणीत सीएजीची आवर्तनं (जनुकातला एक छोटा तुकडा किती वेळा पुन्हा पुन्हा येतो तो आकडा) ४४ आली. ४० किंवा त्याहून जास्त असली की आजार होतोच म्हणतात.

आता बंगळूरला पीएचडी करणाऱ्या एका मुलीने माझ्या मामेभावाला अभ्यासात यायला विचारलंय. तो ठणठणीत आहे. मेंदूतला कॉडेट नावाचा भाग लक्षणं दिसण्याच्या कित्येक वर्षं आधीच आकसू लागतो, तो तिला एमआरआयवर मोजायचाय. किरणोत्सर्ग नाही, फक्त न हलता पडून राहायचं. तेवढं तो करेल.

अडचण वेगळीच आहे. जनुक आपल्यात आलंय का, हे त्याला कळूनच घ्यायचं नाही. शक्यता निम्मी-निम्मी, त्यात लग्नाची बोलणी चालू. (मुलीकडच्यांना सांगायचं की नाही यावर घरात पुरेसं भांडण झालंय, इथे नको.) अशा अभ्यासात निकाल न कळवण्याची अट संमतीपत्रात लिहून मिळते का? स्कॅनमध्ये भलतंच काही दिसलं तर? आणि अपघातानंतर त्याच्या मांडीत रॉड आहे, तो चालतो का?

कोणी भाग घेतला असेल तर अनुभव सांगा. उद्यान एक्स्प्रेसने जायची तयारी आहे, पण त्याआधी सोलापूर-पुण्यात जनुकीय समुपदेशन करणारं कोणी माहीत आहे का? जडीबुटीवाल्यांचे पत्ते कृपया नकोत.