ड्रॅगन ब्लेड: तट उभा राहिला, सिनेमा कोसळला

बिनपगारी_प्रेक्षक:
काल रात्री 'ड्रॅगन ब्लेड' (२०१५) पाहिला आणि झोपेचं खोबरं करून घेतलं. काळ इसवी सनापूर्वी ४८, जागा रेशीम मार्ग. जॅकी चॅन टोळ्यांची भांडणं सोडवत फिरणारा हुओ आन, जॉन क्युसॅक रोमन सेनानी लुशियस, एड्रियन ब्रॉडी दुष्ट टायबेरियस. साडेसहा कोटी डॉलर ओतलेत.

सुरुवातीला वाटलं, काहीतरी हाती लागणार. खोटा आळ येऊन हुओ आनची रवानगी सरहद्दीवरच्या एका पडक्या ठाण्यावर होते, तट दुरुस्त करायला. एक दिवस दाराशी तहानेने व्याकूळ रोमन पलटण. द्वंद्व रंगात येतं तोच वाळूचं वादळ चालून येतं आणि हा गडी वैऱ्याला आत घेतो. मग रोमन लोक बांधकामाला हात लावतात. मुदत १५ दिवस. घामाने निथळत दोन मुलखांची माणसं एकमेकांची अक्कल वापरतात. पाश्चात्य-चिनी मिलाफ काय तो एवढाच. पुढे गाणं, अश्रू, स्लो मोशन, मरण, परत अश्रू. शांततेचं प्रवचन चालू आणि शेजारी मुडद्यांचा ढीग!

चॅनचा_पंखा:
राव, जॅकीच्या सिनेमात तुम्ही काय शोधायला गेला होतात? साठीचा माणूस अंगावर चिलखत घालून लढतोय, ते बघा की. एकीकडे रोमनांच्या ढालींची भिंत, दुसरीकडे त्याची ती चपळाई. लुशियसबरोबरचं द्वंद्व मी मागे नेऊन तीनदा पाहिलं. चीनमध्ये नववर्षाच्या सुट्टीत लोकांनी गर्दी केली ती उगाच नाही. पोराबाळांसह बघायचा सिनेमा आहे हा, प्रबंध नव्हे.

खापरखुंटी:
प्रबंध नव्हे, मान्य. मग 'सत्य घटनेवरून प्रेरित' कशाला म्हणायचं? माझं दुखणं ते आहे.

मूळ गोष्ट अशी. इ. स. पू. ५३ मध्ये कारहेच्या लढाईत इराणकडच्या पार्थियनांनी क्रॅसस या रोमन सेनानीच्या फौजेचा धुव्वा उडवला. पुढे इ. स. पू. ३६ मध्ये चीनच्या हान राजवटीच्या सैन्याने मध्य आशियात झिझी या शिओंग्नू (भटक्या टोळ्यांच्या) सरदाराचा कोट पाडला. त्या कोटाच्या दाराशी सैनिक 'माशाच्या खवल्यांसारखे' उभे होते, असं चिनी इतिहासात एक वाक्य आहे. होमर डब्स या अभ्यासकाने त्यावरून तर्क बांधला की हे क्रॅससचे पळालेले रोमन असणार, आणि हान राज्याने त्यांना चीनच्या गान्सू प्रांतातल्या लिचियान गावी वसवलं. २००७ मध्ये तिथल्या पुरुषांची डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात रोमन मुळाला आधार मिळाला नाही.

आणि सिनेमात लुशियस ज्याला जपत घेऊन येतो तो आंधळा पोरगा पब्लियस! इतिहासातला पब्लियस, क्रॅससचा मुलगा, सीझरच्या हाताखाली गॉलमध्ये लढलेला बाप्या होता. तो कारहेलाच मेला.

आमच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवाची कांस्यमूर्ती निघाली. म्हणून पंचगंगेच्या काठी रोमन पलटण राहायची असं कोणी म्हणत नाही. व्यापारातून आली, एवढंच. पण व्यापाऱ्यावर सिनेमा कोण काढणार?

चॅनचा_पंखा:
खापरखुंटीदादा, तुमच्या कसोटीला उतरणारा एक तरी ऐतिहासिक सिनेमा सांगा. आपल्याकडच्या पडद्यावरच्या लढाया काय अस्सल असतात?

बिनपगारी_प्रेक्षक:
नसतात, आणि तिथेही मी ओरडतोच. पण माझी तक्रार इतिहासाची नाहीच. रोमन इंग्रजीत बोलतात, तेही चालवून घेतलं. पण काल भेटलेले दोघे आज एकमेकांसाठी जीव टाकतात, ते मला पटायला नको? तट बांधताना पटत होतं. तेवढाच भाग अजून अर्धा तास दाखवला असता, तर लुशियसच्या मरणाला मीही रडलो असतो.

चॅनचा_पंखा:
हे मात्र खरं. तो भाग लवकर आटपला.

खापरखुंटी:
ब्रॉडीबद्दल कोणीच बोलत नाही? ऑस्करवाला माणूस आहे.

चॅनचा_पंखा:
त्याचा विषय काढलात तर मी इथून उठलो.