पुस्तकाने जोडलेली माणसं: तुमचा अनुभव सांगा

ग्रंथालयातून आणलेल्या एका जुन्या कवितासंग्रहात, एका ओळीशेजारी कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘खरंच?’ त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात, शाईने, ‘हो.’ ओळ धीर धरण्याबद्दलची होती आणि मी तेव्हा नोकरी गमावून घरी बसलो होतो. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये हे मलाही पटतं. पण तो ‘हो’ लिहिणारा मला कधी भेटणार नाही, आणि त्या दिवसांत त्याच्याइतकं जवळचं मला कुणी वाटलं नाही.

म्हणून विचारतोय. साहित्य आयुष्य बदलतं असं आपण सहज म्हणतो; मला त्यातला माणूस हवा आहे. एखाद्या कथेने, कवितेने तुमची कुणाशी गाठ घालून दिली? पुस्तकाचं नाव नाही सांगितलंत तरी चालेल. काय घडलं ते लिहा.

*

माझी दृष्टी अकराव्या वर्षी गेली. घरचे वाचून दाखवायचे, पुढे ध्वनिपुस्तकं मिळाली, त्यांचे उपकार आहेतच. पण ऐकताना आवाज वाचणाऱ्याचा, वेगही त्याचाच. ब्रेल शिकले आणि कवितेतल्या एका शब्दावर हवा तितका वेळ बोट ठेवून थांबता आलं.

लुई ब्रेलच्या आधी पॅरिसच्या अंधशाळेत नेहमीचीच अक्षरं उठावाने छापत. ती चाचपत वाचता यायची, पण मुलांना तशी लिहिता यायची नाहीत. ब्रेलने १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी तयार केली तेव्हा वाचनाबरोबर लेखनही हाती आलं. याचं मोल मला मैत्रिणीच्या पत्राने कळलं. ती डोळस. आम्हा दोघींची आवडती कविता तिने माझ्यासाठी ब्रेल पाटीवर टोचून उतरवली. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत जायचं असतं, म्हणजे कागद उलटला की अक्षरं सुलटी होतात. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळं पत्र आरशातलं! ‘ह’च्या जागी ‘ज’, ‘इ’च्या जागी ‘ए’. संध्याकाळभर बसून मी ते सोडवलं. पुढे ती नीट लिहायला शिकली. मी जपून ठेवलंय ते पहिलंच पत्र.

*

छोटासा अनुभव. आम्ही भाऊ-बहीण चार वर्षं बोलत नव्हतो. त्याने एक कादंबरी पोस्टाने पाठवली. आत चिठ्ठी नाही, एकच पान दुमडलेलं. मी ते वाचलं आणि फोन केला.

*

यजमानांना पक्षाघात झाला आणि बोलणं गेलं. आवाज होता, समजतही बरंचसं होतं, शब्द सापडत नव्हते. डॉक्टर याला वाचाघात म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या उशाशी बसून, खरं तर स्वतःला धीर यावा म्हणून, शाळेत पाठ केलेली कविता म्हणत होते. मध्ये मला ओळ आठवेना. ती त्यांनी पूर्ण केली. स्पष्ट, लयीत.

मी धावत जाऊन वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना बोलावून आणलं. त्यांनी समजावलं की पाठ झालेलं, लयीत बसलेलं बोलणं वाचाघातातही पुष्कळदा शाबूत राहतं. बोलणं परत आलं असं त्यावरून समजू नका. खरंच, त्याच दुपारी त्यांना पाणी मागता आलं नाही. फार रडू आलं मला. तरी रोज संध्याकाळी एक ओळ मी, एक ओळ ते. दिवसभर खुणा करून शिणलेला माणूस तेवढी पंधरा मिनिटं माझ्या बरोबरीने बोलायचा. कवितेने ते बरे झाले असं मी म्हणणार नाही. त्या महिन्यांत आमची भेट व्हायची ती मात्र तिथेच.

*

मी आठवड्यातून एकदा तुरुंगात वाचनवर्ग घेतो. वरचा पेन्सिलीचा किस्सा वाचून दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरचा तुरुंग आठवला. तिथल्या कैद्यांनी शेक्सपिअरच्या नाटकांची एक प्रत हातोहात फिरवली होती. धर्मग्रंथ वाटावा म्हणून तिला दिवाळीची शुभेच्छापत्रं चिकटवलेली. आवडत्या ओळींपाशी एकेकाने सही केली. नेल्सन मंडेलांच्या सहीपाशी तारीख आहे १६ डिसेंबर १९७७.

माझ्या वर्गातल्या एकाला स्वतःच्या मुलीशी काय बोलावं ते कळत नसे. भेटीची वेळ वकील, तारीख, जामीन यांतच संपायची आणि मुलगी तोवर खाली बघत बसायची. आम्ही एक किशोर-कादंबरी निवडली. एक प्रत त्याला, एक तिला. पुढच्या भेटीत ती आल्या आल्या म्हणाली, “बाबा, त्या कुत्र्याचं पुढे काय होतं ते सांगू नका हं, मी अजून तिथवर आले नाहीये.” मला हे सांगताना त्याने तिचं वाक्य दोनदा म्हणून दाखवलं.

*

मी ४६व्या वर्षी वाचायला शिकले. त्याआधी लेक वाचून दाखवायची, रोज रात्री, माझी कामं आटोपली की. एक कादंबरी तर तिने दोनदा वाचली. अक्षरं जुळायला लागल्यावर मी तीच हातात घेतली. गोष्ट माहीत होती, अडलं तरी निभेल म्हटलं. दीड महिना लागला. मधेच एक प्रकरण असं आलं की ते मी कधी ऐकलंच नव्हतं. त्यातली मुलगी शाळेत आईची ओळख द्यायला लाजते, कारण आईला सही करता येत नाही. पोरीने दोन्ही वेळा ते गाळलं होतं, मला लागेल म्हणून. तेव्हा ती असेल बारा-तेरा वर्षांची.

आता ती नोकरीसाठी लांब असते. त्या रात्री फोन लावला, म्हटलं, ऐक. आणि ते प्रकरण अडखळत अडखळत तिला वाचून दाखवलं. मी थांबले की ती पुढचा शब्द सांगायची. पुस्तक माझ्यापाशी होतं.