मदत हवी आहे: गोगलगाईच्या अडीच मिलिमीटरच्या शंखातले दात कसे दिसतील?

नमस्कार मंडळी,

पावसाळ्यानंतर घोड नदीची दरड ढासळली, तिथला पिवळा जुना गाळ पाच किलो घरी आणला. बादलीत रात्रभर भिजवून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुतला. खाली उरली वाळू, चुनखडीचे खडे आणि त्यांत जमिनीवरच्या गोगलगाईंचे १७ शंख! तांदळाच्या कणीएवढे शंख ओल्या चाळणीत चमकताना पाहून जेवायचंही भान राहिलं नाही.

मोठे शंख झूटेकस या गोगलगाईंच्या प्रजातीचे असावेत. एक सुईसारखा, काचेसारखा आरपार दिसणारा आहे, तो सेसिलिओइडीस वाटतो. ती गोगलगाय जमिनीत खोल शिरते, त्यामुळे तो शंख अलीकडचाही असू शकतो. म्हणून त्याला बाजूला ठेवलंय.

अडलंय ते तीन पिंपासारख्या शंखांपाशी. उंची २.५ मिलिमीटर, वेटोळी पाच. गॅस्ट्रोकॉप्टा ही गोगलगाय असेल तर मुखात दातांसारखे उंचवटे हवेत. प्यूपॉइडीस या दुसऱ्या गोगलगाईचं पिल्लू असेल तर ते नसतील. पण तिन्हींच्या मुखात गाळ दगडासारखा घट्ट बसलाय. एकाचा गाळ ओल्या सुईनं काढायला गेले आणि ओठाचा टवका उडाला. फार वाईट वाटलं. आता उरलेल्या दोघांना हात लावत नाही. व्हिनेगरचा प्रश्नच नाही, शंखच विरघळेल.

स्टिरिओ मायक्रोस्कोपवर मोबाइल लावून फोकस बदलत तीस फोटो काढले आणि जोडले. वाढीच्या रेषा सुरेख आल्या, मुख मात्र काळंच. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी सोन्याचा मुलामा देऊ का? की मायक्रो-सीटी (क्ष-किरणांनी आतलं त्रिमितीय चित्र काढणारं बारीक स्कॅन) करू? शंखही कॅल्शियम कार्बोनेटचा आणि आतला गाळही बराचसा तसाच, मग स्कॅनमध्ये दोन्ही वेगळे दिसतील का?

प्रतिसाद

ताई, मुलामा नको. एकदा दिला की सहज निघत नाही. कमी निर्वातात चालणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मिळाला तर मुलाम्याशिवाय काम होतं, पण तो पृष्ठभागच दाखवणार. गाळाखालचे दात तिथंही दिसणार नाहीत.

तुमची शंका रास्त आहे. म्यानमारमधल्या कचीनच्या अंबरमध्ये (झाडाच्या जीवाश्म झालेल्या डिंकात) सापडलेल्या, सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या गोगलगाईंचे मायक्रो-सीटी झाले आहेत. अंबर हलकं, त्यामुळे शंख उठून दिसतो. तुमच्याकडे शंखाचा अरॅगोनाइट (घनता २.९३) आणि चुनखडीचा कॅल्साइट (२.७१) हे दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचेच प्रकार, त्यांत फरक थोडा. पण मुखातला गाळ सच्छिद्र असेल तर काम होऊ शकतं. टवका उडालेला शंखच आधी स्कॅनला द्या. व्हॉक्सेल (स्कॅनमधला सर्वांत लहान त्रिमितीय ठिपका) तीन मायक्रॉनच्या आत ठेवायला सांगा. मूळ स्लाइसेसही (स्कॅनमधली एकेका पातळ छेदाची चित्रं) मागून घ्या, नुसतं त्रिमितीय चित्र पुरत नाही.

धागाकर्ती

खूप आभार, दादा. टवका उडालेला शंख कापसात गुंडाळून, दरडीतल्या थराची खोली लिहून डबीत ठेवलाय. पुण्याच्या आसपास बाहेरच्यांना मायक्रो-सीटी करू देणारी प्रयोगशाळा कुणाला माहीत आहे का?