शहीद, हुतात्मा, की आणखी काही? पाटीवर काय लिहावं?

शिकवणारी
मंडळी, एका शब्दापाशी चार दिवस अडले आहे, म्हणून इथे विचारते.

डिचोलीला आमच्या शेजारी एक माय राहते. ऐंशीला टेकली आहे. तिचा धाकटा भाऊ सैन्यात होता, १९७१ च्या डिसेंबरात लढाईत गेला. तेव्हा बावीस वर्षांचा होता. घरासमोर त्यांचा खुरीस, म्हणजे क्रूस आहे. दर मे महिन्यात तिथे लादीन (सामूहिक प्रार्थना) होते, आम्ही सगळे जातो, नंतर उकडलेले चणे मिळतात ते आम्ही लहानपणापासून खातो. त्या खुरसाच्या पायथ्याशी यंदा तिला भावाच्या नावाची दगडी पाटी बसवायची आहे. एका बाजूला रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी, दुसऱ्या बाजूला मराठी. वाड्यावरची निम्मी घरं मराठी वाचणारी आहेत, शिवाय भावाचे दोन म्हातारे सोबती कोल्हापूरहून यायचे आहेत.

मराठी मजकूर माझ्याकडे आला. मी लिहिलं, "१९७१ च्या युद्धात देशासाठी शहीद झाले." वाचून दाखवलं. तिने विचारलं, शहीद म्हणजे मार्तीर ना? मी हो म्हटलं. तिने मानेनेच नको सांगितलं. "मार्तीर म्हळ्यार सांव सेबास्त्यांव. म्हजो भाव देशा खातीर मेलो, धर्मा खातीर न्हय." सांव सेबास्त्यांव म्हणजे संत सेबास्टियन, धर्मासाठी मारला गेलेला. मग मी हुतात्मा सुचवलं, तर म्हणाली, ते पत्रादेवीचे.

दोन्ही वेळा तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. मग लिहू काय?

शुद्धमराठी
ताई, शहीद काढा, ते बरंच झालं. तो शब्द मुळात आपला नाही आणि हिंदी बातम्यांमुळे हल्ली उगाच बोकाळला आहे. आपल्याकडे "धारातीर्थी पडले" आहे, "वीरगतीस प्राप्त झाले" आहे. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी, की कारभारातल्या फारसी शब्दांना आपले शब्द मिळावेत. हुतात्मा हा सावरकरांनी दिलेला शब्द, तोही उत्तम आहे. मायला समजावून सांगा.

मांडवीकाठी
समजावून काय सांगायचं? पत्रादेवीचं तिचं म्हणणं बरोबरच आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीसाठी सत्याग्रही तिथून निःशस्त्र सीमा ओलांडून आले आणि पोर्तुगिजांच्या गोळ्यांना बळी पडले. हु म्हणजे अग्नीत अर्पण करणे. हुत झालेला तो हुतात्मा. हातात बंदूक नसलेल्या माणसाला तो शब्द जसा शोभतो, तसा लढता लढता पडलेल्या शिपायाला शोभेलच असं नाही. गोव्यात हा शब्द ऐकला की पत्रादेवीच आठवते.

धारातीर्थी मात्र मला फार आवडतो. तलवारीच्या धारेलाच तीर्थ म्हणायचं, ही कल्पनाच अंगावर काटा आणते. पण खुरसाच्या पायथ्याशी "तीर्थ" कोरायचं का, हे मायलाच विचारा.

बार्देसकार
मी कॅथलिक आहे, घरात कोंकणी, शाळा मराठी. माय काय सांगते आहे ते अजून कोणी नीट पकडलेलं नाही, म्हणून लिहितो.

आमच्यात मार्तीर ही नुसती मोठेपणाची पदवी नाही. गेलेल्या माणसासाठी आपण मीस (चर्चमधली उपासना) म्हणून घेतो, २ नोव्हेंबरला सिमितेरीत (दफनभूमीत) जाऊन मेणबत्ती लावतो, त्याच्या आत्म्याला विसावा मिळो म्हणून मागतो. मार्तीरासाठी असं कोणी मागत नाही. तो देवाजवळ पोचलेलाच असतो, उलट आपण त्याच्याकडे मागणं घेऊन जातो. संत ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वी हेच सांगून ठेवलं, की मार्तीरासाठी प्रार्थना करणं हा त्याचा अपमान आहे.

आता मायकडून बघा. तिने पन्नास वर्षं भावासाठी मीस घातली असणार. पाटीवर मार्तीर आलं, तर त्या सगळ्या मिसांचं काय? भाऊ लहान ठरतो म्हणून ती नको म्हणत नाहीये. त्याच्यासाठी मागण्याचा आपला हक्क जाईल, म्हणून नको म्हणतेय. माझी आई असती तर तीही असंच बोलली असती.

शिकवणारी
बार्देसकारभाऊ, हे वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. दर डिसेंबरात ती सकाळच्या मिसाला जाते, मला माहीत आहे. पण या दोन गोष्टी मी कधी जोडून पाहिल्या नव्हत्या.

माजी सुभेदार
जय हिंद. मी मराठा लाइट इन्फंट्रीत अठ्ठावीस वर्षं काढली, आता सावंतवाडीला असतो. शहीद हा शब्द सरकारदरबारीही नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगासमोर संरक्षण आणि गृह या दोन्ही खात्यांनी सांगितलं, की सैन्यात किंवा पोलिसांत असा शब्दच वापरात नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सैन्याने आपल्या सगळ्या कमांडना पत्र पाठवून कळवलं, की कामी आलेल्या जवानाला मार्टर म्हणू नका. कारण दिलं ते मायनी दिलं तेच: धर्म सोडायला नकार देऊन मरण पत्करतो तो मार्टर. त्याऐवजी "सर्वोच्च बलिदान दिले" असं लिहायला सांगितलं.

म्हणजे तुमच्या माय आणि सेनाभवन एकाच मताचे आहेत.

शुद्धमराठी
बलिदानात तरी काय वेगळं? बळी म्हणजे देवापुढे दिलेला.

अभ्यासू
सगळ्या शब्दांच्या मुळाशी धर्मच निघतो, त्याला इलाज नाही. पण एक गंमत बघा. ग्रीक भाषेत मार्तिस म्हणजे साक्षीदार. अरबीत शहीद म्हणजेही साक्ष देणारा. दोन वेगळ्या धर्मांत, वेगळ्या भाषांत, मरण पत्करणाऱ्याला साक्षीदाराचंच नाव मिळालं. मराठी बायबलात येशू शिष्यांना सांगतो की तुम्ही माझे साक्षी व्हाल, तिथे मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द आहे. तेव्हा शहीद परका म्हणून हाकलायचा आणि मार्तीर आपला म्हणून ठेवायचा, याला अर्थ नाही. दोघं सख्खे भाऊ आहेत.

वसईवाला
आमच्याकडे हे दोन्ही धागे एकाच शब्दात आहेत: रक्तसाक्षी. संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचा, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला. त्याला आम्ही मराठीत रक्तसाक्षीच म्हणतो. नोकरीनिमित्त दहा वर्षं मडगावात आहे, इथे मात्र हा शब्द मला कोणाच्या तोंडी ऐकू आला नाही. मायच्या भावाला तो चालणार नाही, हे कळतं. पण शब्द निदान माहीत असावा, म्हणून सांगितलं.

सत्तरीकर
शहीदवरून आठवलं. आमच्या घरच्या जुन्या कागदांत शिपायांच्या पगाराला मुशाहिरा म्हटलंय. हा शब्द शहीदवरूनच आला असणार. जीव द्यायला तयार असलेल्याला मिळतो तो मुशाहिरा. आजोबा असंच सांगायचे.

अभ्यासू
नाही हो. आजोबांचा मान राखून सांगतो, अरबीत शह्र म्हणजे महिना. महिन्याचं ते मुशाहिरा. शहीदशी त्याचा संबंध नाही.

सत्तरीकर
तुमचं कोशातलं असेल. आमच्या घरात १८९५ च्या बंडाच्या आठवणी आहेत. पोर्तुगिजांच्या सैन्यातल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम झाला, त्यांनी नकार दिला आणि सत्तरीचे राणे त्यांच्या बाजूने उठले. आजीच्या तोंडी त्यात मेलेल्यांसाठी एकच वाक्य होतं, "तो बंडात गेला." शहीद नाही, हुतात्माही नाही. "गेला" या शब्दात तिला सगळं पुरत होतं. शब्द मोठा केला म्हणजे माणूस मोठा होतो, असं तिच्या पिढीला वाटत नसे.

मांडवीकाठी
पगाराचा विषय निघालाच आहे, तर पगार हाही पोर्तुगीज, पागार म्हणजे पैसे देणे. शुद्धमराठी, तोही सोडणार का? काडतूसही त्यांचंच. आणि जुन्या गोव्यात सांत आंतोनचं जे कपेल (छोटं चर्च) आहे, तिथल्या संताच्या मूर्तीला सैन्यात कप्तानाचा हुद्दा होता आणि दर वर्षी पगार मिळायचा. संतालाच सैन्यात भरती करून घेतलं होतं.

शुद्धमराठी
पगार रुळला, रुळू दे. मी काही रोजच्या व्यवहारातले शब्द हाकलायला निघालेलो नाही. दगडावर कोरायचा शब्द दोनशे वर्षं राहतो, म्हणून तिथे तरी निवडून घ्यावा, एवढंच म्हणणं आहे. तो आग्रह मी सोडणार नाही.

पण मूर्तीला पगार? तो घ्यायला कोण जात असे?

बार्देसकार
मूर्तीच नेत असत, असं आजोळी ऐकलं आहे. पण याला भाबडेपणा समजू नका. संत आपल्या पलटणीत आहे, म्हणजे आपल्यासारखाच त्यालाही हुकूम आहे, ही त्यामागची भावना. १७८७ चं पोर्तुगिजांविरुद्धचं पिंटोंचं बंड आठवा. कांदोळीच्या त्या घराभोवती पाद्रीही होते आणि सैन्यातले अधिकारीही. आमच्याकडे झगा आणि गणवेश एकाच घरात असायचा. माझ्या आजीचा एक भाऊ पाद्री, दुसरा सैन्यात, आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेत दोघांचीही नावं.

वसईवाला
मग कुंकळ्ळीचं काय म्हणाल? २५ जुलै १५८३ ला तिथे गावकऱ्यांच्या हातून पाच जेझुइट मिशनरी मारले गेले, चर्चच्या लेखी ते मार्तीर, १८९३ मध्ये त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) ठरवलं. पुढे पोर्तुगिजांनी गावच्या नायकांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे ठार केलं. गावाच्या लेखी तेही हुतात्मे. एकाच गावात दोन्ही.

मांडवीकाठी
दोन्हींचा मान राखता येतो. माझं सासर तिकडचं आहे, कॅथलिक घरातही नायकांचं नाव अभिमानाने घेतात, कारण ते त्यांचेही पूर्वजच.

शुद्धमराठी
म्हणजे शब्द एकच आणि माणसं समोरासमोरची. म्हणून तर मी "वीरगती" म्हणतो. त्यात कोणाची बाजू येत नाही.

बार्देसकार
येते. वीरगती म्हणजे रणात पडल्यावर वीराला मिळणारी गती. आमच्या श्रद्धेत तलवार हाती धरून मेल्याने गती मिळत नाही. ती देवाच्या कुर्पेने मिळते, म्हणून तर मीस.

शिकवणारी
सगळ्यांचं वाचते आहे. पण मधे एक नवीनच अडचण आली. काल मी साधं लिहून नेलं: "१९७१ च्या युद्धात लढताना पडले." तीर्थ नाही, गती नाही, साक्ष नाही. मायने ऐकलं, "पडले" वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "तो म्हजो धाकटो भाव. ताका 'ते' कित्याक?"

मी म्हटलं, माय, पाटीवर मान द्यावा लागतो. ती म्हणाली, त्याला न्हाऊ मी घातलंय.

आता "पडला" लिहायचं का? सार्वजनिक जागी, गेलेल्या सैनिकाला, एकेरी? उद्या वाड्यावरचं कोणी म्हणेल की मास्तरणीला मराठी येत नाही.

शुद्धमराठी
एकेरी अजिबात नको. मराठीची रीत आहे. देवाला, आईला आणि लहानाला एकेरी, बाकी सगळ्यांना आदरार्थी. पाटी मायची असली तरी वाचणार गाव.

सत्तरीकर
शिवाजीला शिवाजी म्हणणारी आमची जुनी माणसं होती. त्यात प्रेम होतं, अनादर नव्हता. "पडला" लिहा.

माजी सुभेदार
ताई, मी बेळगावच्या सेंटरवरचं, सीमेवरचं, पुष्कळ स्मारकांवरचं लिखाण उभं राहून वाचलं आहे. पाटीवर नावाच्या ओळीत नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि तारीख असते. क्रियापद नसतं. तो पडला की पडले, हा प्रश्नच तिथे येत नाही. हजेरीला जसं नाव पुकारतात, तसंच दगडावर असतं. सोबत्यांनाही ते वाचून ओळख पटेल. मीही याच्यापुढे शब्द घालत नाही.

शिकवणारी
सुभेदार काका, आत्ताच जाऊन विचारलं. नंबर घरातल्या कुठल्या कागदावर असेल का, एवढंच विचारलं होतं. कागद शोधावाच लागला नाही. दर पंधरवड्याला ती पत्र टाकायची, पाकिटावर नंबर घालावा लागे. तिने अडखळल्याशिवाय सगळा म्हणून दाखवला.

दगड घडवणारा विचारतोय, आकडे मराठी कोरू की इंग्रजी?

शुद्धमराठी
मराठी बाजूला मराठीच. यात प्रश्न कसला?

माजी सुभेदार
सैन्याचा नंबर इंग्रजी आकड्यांतच असतो, ताई. तो बदलू नये.